सोलापूरच्या माळावरचे लांडगे: निरीक्षणाला येणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरच्या आसपासच्या माळरानांवर आम्ही काही जण सुट्टीच्या दिवशी लांडगे पाहतो आणि नोंदी ठेवतो. कुणी शिक्षक आहे, कुणी यंत्रमागावर काम करतं, दोघे शेतकरी आहेत. फोनवर, शाळेत, एसटीत शेजारी बसलेल्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. सोलापुरात खरंच लांडगे आहेत? की कोल्ह्यालाच लोक लांडगा म्हणतात?

आहेत, आणि पूर्वीपासून आहेत. भारतीय लांडगा दाट जंगलात कमी आणि उघड्या माळावर जास्त रमतो. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा या पट्ट्यातलं कमी पावसाचं, कुसळीचं, मधूनच बोरी-बाभळी असलेलं रान त्याला मानवतं. इथल्या लांडग्यांचा अभ्यासही जुना आहे. १९९० च्या दशकात सतीश कुमार आणि असद रहमानी यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या लांडग्यांवर लिहिलं. पुढे बिलाल हबीब यांनी नान्नजच्या माळढोक अभयारण्यातल्या लांडग्यांवर पीएच.डी. केली. सगळ्या देशात मिळून लांडगे साधारण तीन हजार, म्हणजे वाघांपेक्षा कमीच. आपल्या तालुक्यातल्या माळाकडे ‘पडीक’ म्हणून पाहणाऱ्यांना हे सांगितलं की ते पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतात.

२. मला प्राण्यांचं शिक्षण नाही. तरी येऊ शकतो का? काय सामान लागतं?

जरूर या. शिक्षणापेक्षा दोन तास न बोलता बसण्याची सवय जास्त कामाची. मातकट रंगाचे कपडे, टोपी, पाणी, वही, पेन्सिल आणि जमली तर दुर्बीण, एवढं पुरे. दुर्बीण ८×४२ किंवा १०×४२ (म्हणजे आठ किंवा दहा पट मोठं दाखवणारी) असावी. त्याहून जास्त मोठं दाखवणारी हातात थरथरते. चैत्र-वैशाखात इथे पारा चाळिशीच्या वर जातो, म्हणून माणशी तीन लिटर पाणी हा आमचा नियमच आहे. अत्तर, परफ्यूम लावून येऊ नका. शाळकरी मुलांनी पालकांपैकी एकाला सोबत आणावं.

३. कधी आणि कुठे यायचं? परवानगी लागते का?

उजाडायच्या अर्धा तास आधी जागेवर पोचायचं आणि ऊन चढलं की उठायचं. नाहीतर दिवस मावळतीला. दुपारी लांडगा झुडपाच्या सावलीत, तुरीत किंवा उसात पडलेला असतो. त्याला तिथून उठवायचं नाही.

जागेचं म्हणाल तर नान्नज हे गाव सोलापूर शहरापासून वीसेक किलोमीटरवर, बार्शी रस्त्याला आहे. पण ते अभयारण्य आहे आणि तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. आमच्या बऱ्याचशा जागा अभयारण्याबाहेर गायरानात आणि खासगी रानात आहेत. तिथे मालकाला आदल्या दिवशी विचारतो. ‘कुणाचं रान आहे हे माहीत नव्हतं’ हे कारण आमच्याकडे चालत नाही. नेमकी जागा नवीन माणसाला पहिल्या दिवशी का सांगत नाही, ते प्रश्न ११ मध्ये आहे.

४. माळढोक दिसेल का?

त्या आशेने येऊ नका. अभयारण्य १९७९ मध्ये माळढोकासाठीच झालं, पण आज देशभरात मिळून हा पक्षी दीडशेच्या आसपास उरला आहे आणि इथे तो दिसणं अतिशय दुर्मिळ झालं आहे. काळवीट आणि धाविक, माळटिटवी, थंडीत भोवत्या हे पक्षी मात्र बहुतेक फेऱ्यांत दिसतात.

५. कोल्हा, खोकड, तरस आणि लांडगा लांबून कसे ओळखायचे?

आधी उंची पाहा, मग शेपूट. खोकड मांजराहून थोडं मोठं असतं. कान मोठे, शेपूट झुबकेदार आणि तिचं टोक काळं. कोल्हा मध्यम, पाय आखूड, अंगावर तांबूस झाक. तरसाचा पुढचा भाग उंच आणि मागचा उतरता, अंगावर पट्टे, मानेवर आयाळ. त्याची चाल एकदा पाहिली की विसरत नाही. लांडगा या सगळ्यांत लांब पायांचा. उभा राहिला की पोटाखालून पलीकडचं गवत दिसतं. खरा गोंधळ होतो तो कुत्र्याशी.

६. गावठी कुत्रा आणि लांडगा यांत फरक कसा करायचा? फोटोत दोन्ही सारखेच दिसतात.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि त्यात मीही चुकलेलो आहे. पहिल्या वर्षी मार्डीच्या बाजूला एक भुरकट प्राणी बांधावरून जाताना पाहिला. फोटो काढला, वहीत ‘लांडगा, नर, एकटा’ असं ठसठशीत लिहिलं. थोड्या वेळाने मेंढ्या घेऊन एक मामा आले. त्यांना फोटो दाखवला. त्यांनी मोबाईल उन्हापासून आड धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, “मास्तर, ह्ये कुत्रं हाय. शेपूट बगा की. लांडग्याचं शेपूट असं वर येत न्हाई.” फोटोत शेपटीचं टोक खरंच वर वळलं होतं. मी ते पाहिलंच नव्हतं, कारण मला लांडगा हवा होता.

तेव्हापासून मी शेपूट आधी पाहतो. चालताना लांडग्याची शेपूट सरळ खाली लोंबते, कुत्र्याची बहुधा वर वळलेली असते. मग पाय आणि छाती. लांडग्याचे पाय अंगाच्या मानाने लांब, छाती अरुंद, समोरून पाहिलं तर दोन्ही पाय एकाच रेषेत पडल्यासारखे वाटतात. डोळे पिवळसर, तिरपे. पाठीवरच्या केसांची टोकं काळी असल्यामुळे अंगावर राख भुरभुरल्यासारखी दिसते. आणि वागणं. माणूस दिसला की कुत्रा थांबतो, भुंकतो, नाहीतर जवळ येतो. लांडगा एकदा वळून पाहतो आणि आहे त्याच चालीने लांब जातो.

यातल्या एका खुणेवर निकाल देऊ नका, तीन तरी जुळायला हव्यात. नाही जुळल्या तर ‘ओळख पटली नाही’ असं लिहा. आमच्या वहीत अशा नोंदी भरपूर आहेत आणि त्यांना आम्ही कमी लेखत नाही. खोटा लांडगा वहीत शिरला तर तो पुढची सगळी बेरीज बिघडवतो. दोन्हींच्या मधला वाटणारा प्राणी असेल तर प्रश्न १६ पाहा.

७. नुसत्या पावलाच्या ठशावरून नोंद करता येते का?

येते, पण ती ‘ठसा’ म्हणूनच, ‘प्राणी’ म्हणून नाही. लांडग्याचा ठसा लांबट असतो, मधली दोन बोटं पुढे आणि जवळजवळ. कुत्र्याचा गोलसर, बोटं फाकलेली. पण एक सुटा ठसा फसवतो, म्हणून माग पाहायचा. धुळीच्या गाडीवाटेवर लांडग्याचा माग दोरी धरून काढल्यासारखा सरळ जातो, मागचा पाय पुढच्याच ठशात पडतो. कुत्रा हुंगत, आडवातिडवा फिरतो. फोटो काढताना ठशाशेजारी मोजपट्टी ठेवा, नसेल तर पाच रुपयांचं नाणं. बोट ठेवू नका, बोटाची लांबी माणसागणिक बदलते.

विष्ठेचंही तसंच. केस, हाडांचे तुकडे, कधी करडाच्या खुराचं टोकसुद्धा दिसतं. हात लावायचा नाही, तिच्यातून जंत माणसाकडे येऊ शकतात.

८. किती लांबून पाहायचं?

आम्ही दोनशे मीटरच्या आत स्वतःहून जात नाही. पण आकड्यापेक्षा प्राण्याकडे लक्ष द्या. त्याने खाणं थांबवलं, कान तुमच्याकडे रोखले, बसलेला उठला, की तुम्ही जास्त जवळ आहात. तिथेच खाली बसा, आणि तो पुन्हा आपल्या कामाला लागला नाही तर मागे फिरा. तो स्वतःहून तुमच्याकडे आला तर हलू नका, बहुतेक वेळा वास आला की तोच वळतो.

गाडीने पाठलाग, रात्री बॅटरीचा झोत, अन्न टाकणं, ड्रोन, यांतलं काहीही करणाऱ्याला आम्ही पुन्हा बोलावत नाही. लांडगा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला हुसकावणं, त्रास देणं हासुद्धा कायद्याने गुन्हाच आहे.

९. नोंदीत नेमकं काय लिहायचं? काहीच दिसलं नाही तर?

तारीख, बसल्याची आणि उठल्याची वेळ, जवळचं गाव, अंदाजे अंतर, वाऱ्याची दिशा, किती प्राणी, त्यांत पिल्लं किती, काय करत होते, किती वेळ दिसले. शिवाय त्या वेळी आसपास मेंढ्या, कुत्री, माणसं होती का. फोटो कापून, रंग चढवून पाठवू नका, मूळचाच पाठवा.

काहीच दिसलं नाही तरी पान भरायचं, हे नवीन लोकांना पटवायला वेळ लागतो. एका जागी वर्षात चाळीस सकाळी बसलो आणि सहादा लांडगा दिसला, तर त्या सहाला अर्थ आहे तो चाळिसामुळे. नुसत्याच सहा नोंदी असतील तर पुढच्या वर्षी तीन दिसल्यावर लांडगे घटले की आपणच कमी वेळा गेलो, हे कळणार नाही. आमच्या गटातल्या एक ताई सलग अकरा रविवार रिकाम्या हाताने परतल्या आणि अकराही पानं नीट भरली. त्या पानांमुळेच आम्हाला समजलं, की मेंढपाळांचे वाडे पुढे सरकले की त्या माळावर लांडगेही फिरकत नाहीत.

१०. हा तोच लांडगा, हे कसं ओळखता? त्यांना नावं ठेवता का?

कानाला पडलेली खाच, नाकावरचा जुना व्रण, तोंडावरच्या पांढऱ्या-करड्या भागाची कड, पाठीवरच्या काळसर पट्ट्याचा आकार, शेपटीचं टोक, हे टिकतं. अंगाचा एकूण रंग टिकत नाही. थंडीत केस दाट होतात आणि उन्हाळ्यात झडतात, तेव्हा तोच लांडगा निराळा दिसतो. लंगडणंही ओळखीला धरू नका, काटा निघाला की ते जातं.

डाव्या आणि उजव्या अंगाचे फोटो वेगळे ठेवावे लागतात. एका बाजूची खूण दुसऱ्या बाजूला नसते, आणि एकाच प्राण्याचे दोन प्राणी मोजले जातात. जुना आणि नवा फोटो दोन जणांनी एकमेकांना न विचारता जुळवायचा. दोघांचं एकमत झालं तरच ओळख पक्की.

नावांऐवजी क्रमांक देतो. नाव दिलं की त्या नावाची गोष्ट तयार होते आणि मग प्रत्येक फोटोत तोच दिसायला लागतो.

११. बिळाची जागा तुम्ही का सांगत नाही? आम्ही काही शिकारी नाही.

तुम्ही शिकारी नाही, हे मान्य. तरीही सांगणार नाही.

इकडे पिल्लं साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत होतात. आंधळी जन्मतात, दहा-चौदा दिवसांनी डोळे उघडतात, तीन-चार आठवड्यांनी बिळाच्या तोंडाशी येतात. एका हिवाळ्यात ओढ्याच्या कडेला आम्हाला असं बीळ मिळालं. समोरच्या टेकाडावरून, दुर्बिणीतून, पाच पिल्लं. मादी परत आली की पिल्लं तिच्या तोंडाला तोंड लावायची आणि मादी पोटातलं मांस त्यांच्यासमोर ओकायची. वाऱ्यावर त्यांचं बारीक किंकाळणं ऐकू यायचं. आमच्यापैकी एकाने आनंदाच्या भरात एक फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. मागे टेकडी आणि टॉवर दिसत होता, तेवढ्यावरून ओळखणाऱ्यांनी जागा ओळखली.

पाचव्या दिवशी आम्ही गेलो तर ओढ्यापर्यंत मोटरसायकलींच्या चाकांच्या खुणा होत्या. बिळाच्या तोंडाशी बुटांचे ठसे आणि गुटख्याच्या पुड्या. आत काठी घालून पाहिल्यासारखी माती खरवडलेली. मादीने पिल्लं हलवली असावीत. तसं त्या करतात, एकेक पिल्लू तोंडात धरून. पण त्या वर्षी त्या टोळीत आम्हाला नंतर दोनच पिल्लं दिसली.

फोटो टाकणारा आजही आमच्यात आहे आणि नवीन लोकांना ही गोष्ट तोच सांगतो. नियम असा: बिळाचा फोटो त्या हंगामात कुणालाही पाठवायचा नाही, मोबाईलमधलं लोकेशन बंद ठेवायचं, आणि टेकडी, टॉवर, देऊळ, विहीर यांपैकी काहीही चौकटीत येऊ द्यायचं नाही. जागा फक्त वनविभागाला कळवतो.

१२. शेतात पिल्लं एकटी सापडली. आई दिसत नाही. घरी आणून दूध पाजू का?

नाही. आई सोडून गेलेली नाही, शिकारीला गेली आहे, आणि तुम्ही तिथे असेपर्यंत येणारही नाही. काम थांबवा, कुत्री बांधा, लांब जा. संध्याकाळपासून सकाळपर्यंत तिथे कुणीही जाऊ नये. बहुतेक वेळा सकाळपर्यंत मादी पिल्लं उचलून नेते. ऊसतोड चालू असेल तर तेवढा कोपरा एक दिवस ठेवा. पिल्लू जखमी असेल किंवा जवळच मेलेली मादी दिसली असेल, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. बाळगणं हा गुन्हा आहे, आणि गाईचं दूध पाजलेल्या पिल्लाला हगवण लागते, हे वेगळंच.

१३. लांडगे माणसावर हल्ला करतात का? बहराइचच्या बातम्या वाचून भीती वाटते.

भीती वाटणं साहजिक आहे. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बहराइचमध्ये लहान मुलं गेली, आणि १९९६ मध्ये त्याच राज्याच्या पूर्व भागातही असंच घडलं होतं. ‘लांडगा काही करत नाही’ असं आम्ही कुणालाही सांगत नाही. निरोगी लांडगा माणसाला टाळतो, हे आम्ही दर आठवड्याला पाहतो. तरीही उघड्यावरच्या मुक्कामात लहान मूल कडेला, एकटं झोपवू नये.

खरा धोका पिसाळलेल्या प्राण्याचा. दिवसाढवळ्या गावात शिरणारा, झोकांड्या खाणारा, समोर येईल त्याला चावणारा लांडगा किंवा कुत्रा दिसला तर जवळ जाऊ नका. चावा किंवा ओरखडा झाला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. हळद, चुना, मिरची लावू नका.

१४. लांडग्याने आमची शेळी नेली. तुम्ही त्याच्या बाजूचे, मग आमचं नुकसान कोण देणार?

नुकसानभरपाई सरकार देतं, आणि तिच्या कागदांसाठी आम्ही तुमच्यासोबत येतो. मेलेलं जनावर जागेवरून हलवू नका, फोटो काढा आणि ४८ तासांच्या आत जवळच्या वन कर्मचाऱ्याला कळवा. पंचनाम्याशिवाय पुढे काही होत नाही. अडचण अशी, की लांडगा करडू पळवूनच नेतो, मग दाखवायला काही उरत नाही. तेव्हा रक्ताचे डाग, केस, माग यांचे फोटो कामी येतात. आमच्या वहीतली त्या भागातली ताजी नोंदही आम्ही जोडायला देतो.

धनगर मामा-मावशींशी बोलताना एक गोष्ट वारंवार ऐकू येते: वाघर, म्हणजे मेंढ्यांभोवतीची जाळी, ताणून लावलेली असेल आणि कुत्री जागी असतील तर नुकसान कमी होतं. कोकरं मधोमध ठेवावीत. विष घालणं मात्र कुठल्याही परिस्थितीत नको. त्यात लांडग्याआधी तुमचीच राखणीची कुत्री मरतात, मग तरस आणि घारी.

१५. विहिरीत पडलेला किंवा रस्त्यावर मेलेला लांडगा दिसला तर?

विहिरीत असेल तर १९२६ ला फोन करा आणि गर्दी कठड्यापासून मागे घ्या. दोर टाकून ओढायला जाऊ नका, त्यात त्याचा गळा आवळतो. रस्त्यावरचा मेलेला असेल तर गाडी सुरक्षित जागी लावून फोटो, वेळ, किलोमीटरचा दगड एवढं नोंदवा. ओढून नेऊ नका.

१६. प्राणी लांडग्यासारखा आहे, पण रंग कुत्र्यासारखा पिवळा. संकर म्हणून लिहू का?

नाही. लांडगा आणि कुत्रा यांचा संकर होतो, पुणे जिल्ह्यात जनुकीय तपासणीतून तो सिद्धही झाला आहे. पण तो तपासणीतून सिद्ध झाला, डोळ्यांनी नाही. फिकट रंगाचे अस्सल लांडगेही असतात. म्हणून ‘लांडगा-सदृश, रंग पिवळसर, शेपूट अशी, कान असे’ एवढंच लिहा आणि दोन्ही बाजूंचे फोटो ठेवा. तो कुणाबरोबर फिरत होता, टोळीबरोबर की गावच्या कुत्र्यांबरोबर, हे आवर्जून लिहा. गावालगतची मोकाट कुत्री वाढली की हा प्रश्न वाढतो आणि कुत्र्यांचे रोगही लांडग्यांत जातात.

१७. मोबाईलवर लांडग्याची हाळी वाजवली तर ते उत्तर देतात म्हणे. करून पाहू?

करू नका. त्या आवाजाचा अर्थ त्यांच्या लेखी ‘तुमच्या हद्दीत परके आलेत’ असा होतो, आणि पिल्लं असलेली टोळी जागा सोडू शकते. महाराष्ट्रातल्या लांडग्यांच्या हाळीवर संशोधन झालं आहे आणि आवाजावरून एकेक प्राणी ओळखण्याचे प्रयत्नही झाले आहेत, पण ते परवानगी घेऊन केलेलं काम. आपोआप ऐकू आली तर वेळ, दिशा आणि किती आवाज वाटले ते लिहा. ‘किमान दोन’ असंच लिहायचं, कारण दोन लांडगे मिळून सहाचा भास करतात.

१८. बुद्ध पौर्णिमेला वनविभाग पाणवठ्यावर गणना करतो. मग वर्षभर तुम्ही वेगळं काय करता?

ती रात्र आम्हीही चुकवत नाही. पण ती एका रात्रीची झलक असते. एकच लांडगा दोनदा पाण्यावर येऊ शकतो, आणि जवळच्या शेततळ्यावर पाणी मिळालं तर येतही नाही. एका रात्रीत पंधरा-वीस किलोमीटर चालणारा प्राणी दोन गावांतल्या लोकांना दिसला की दोन होतो. वर्षभराच्या नोंदी आणि प्रश्न १० मधली ओळख एकत्र ठेवली तरच ही दुहेरी मोजणी टळते.

१९. ज्या लांडग्याला मी तीन वर्षं पाहत होतो तो आठ महिने दिसलेला नाही. ‘मेला’ असं लिहू का?

देह पाहिल्याशिवाय लिहू नका. तरणे लांडगे वर्षा-दोन वर्षांचे झाले की जोडीदार आणि हद्द शोधत लांब निघून जातात. म्हातारा असेल तर टोळीतून मागे पडून दुसऱ्याच माळावर राहत असेल. ‘शेवटची नोंद’ या रकान्यात तारीख टाका आणि पान मिटू नका.

आमच्याकडे सात क्रमांकाची एक मादी आहे, उजव्या कानाला खालून खाच असलेली. तिची शेवटची नोंद वडाळ्याच्या बाजूला, जानेवारीतल्या एका सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांची. दव पडलं होतं, ती ज्वारीच्या कडेने पश्चिमेला गेली. तिच्या पानावर खाली अजून निम्मी जागा कोरी आहे. त्या बाजूला जाणार असाल तर उजव्या कानाकडे पाहा.